शुक्रवारी निघून जाणाऱ्या आजी: गंगापूर धरणाकाठच्या एका कॅम्पचं प्रकरण

आजींच्या मुलाने फोनवर सांगितलेली अडचण एवढीच होती: "आई शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या घरी निघून जाते, ती रविवारी रात्रीच येते. आणि शनिवारी आमच्याकडे चाळीस माणसं जेवायला असतात."

मी शेतीला जोडून पर्यटन करणाऱ्या कुटुंबांबरोबर काम करते. हिशेब, स्वयंपाकघर, कामाची वाटणी, घरातल्या माणसांची ओढाताण, असं सगळं त्यात येतं. हे कुटुंब नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून राहतं. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, नात्यानेच बोलते.

तीन एकर द्राक्षबाग होती. द्राक्षाचं गणित नाशिककरांना सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागला की डाऊनी हा बुरशीचा रोग आणि घडकूज, काढणीच्या तोंडावर लागला की मणी तडकतात. लागोपाठ दोन हंगाम असे गेल्यावर पाण्याकडच्या उताराची एक एकर बाग मुलाने काढून टाकली. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं होतं, आजूबाजूला वायनरीमुळे मुंबई-पुण्याची गर्दी होतीच. नातू शिकून घरी आला होता. दहा तंबू, दोन पक्क्या खोल्या, मधोमध शेकोटीची जागा, एका बाजूला उघडं स्वयंपाकघर असा कॅम्प उभा राहिला.

आजोबा गेल्यावर आजी गावठाणातल्या घरात एकट्याच होत्या. वय ७४. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गुडघे दुखतात, पण हात कामाला चपळ. "एकटीला कशाला ठेवायचं" म्हणून मुलगा आणि सून त्यांना कॅम्पवर घेऊन आले. जुन्या पंपाच्या खोलीला खिडकी पाडून, फरशी घालून आजींची खोली झाली. खोलीच्या दाराशी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तुळस, पलीकडे पाटा-वरवंटा, भिंतीला टेकवलेली सुपं. सुरुवातीचे महिने छान गेले, असं सगळेच सांगतात आणि मला ते खरं वाटतं. पहाटे उठून आजी द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांवर चूल पेटवायच्या, चहा ठेवायच्या, तंबूतून लवकर उठलेला एखादा पाहुणा शेकायला येऊन बसायचा. कुणाला त्या घोळाणा करून द्यायच्या: हरभऱ्याचा ओला पाला बारीक चिरून, वर कांदा, मिरची, मीठ आणि कच्चं तेल.

त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडली. भांड्यांचं पाणी पोरं उताराने सरळ खाली सोडत होती. खाली धरणाचं पाणी, आणि तेच पाणी नाशिक पितं. आजींनी नातवाला शोषखड्डा खणायला लावला, त्याच्या कडेने अळू आणि दोन केळी लावली, आणि खरकटी भांडी आधी राखेने घासायची पद्धत पाडली. पर्यावरणावर बोलणारे पाहुणे ते अळू बघून फोटो काढतात. ते लावलं कुणी, हे मात्र मी विचारेपर्यंत कॅम्पवरच्या नव्या पोरांना माहीत नव्हतं.

घरच्यांनी काढलेलं निदान

दिवाळीनंतर आजी शुक्रवारी जायला लागल्या. हातात एक मोठं गाठोडं, रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या, ओळखीची रिक्षा मिळाली की गेल्या. मुलाचं म्हणणं, वय झालं, जुनं घर आठवतं. नातवाचं म्हणणं, आजी रुसते. सुनेला वाटायचं की काम जास्त होतंय. मग तिघांनी मिळून उपाय केला: शहरातून एक स्वयंपाकी आणला आणि आजींना सांगितलं, आता तुम्ही आराम करा, पाहुण्यांशी गप्पा मारा. त्यानंतर आजी गुरुवारीच जायला लागल्या.

अशा वेळी घरचे चिडतात ते मी समजू शकते. पैसे खर्चून माणूस आणला, तरी आईचं मन भरत नाही. मुलगा तर म्हणाला की आईला आता काहीच पटत नाही. पण आराम हा उपाय सुचवण्याआधी दुखतंय कुठे हे कुणी विचारलेलं नव्हतं.

मी आडवारी, म्हणजे कॅम्पवर वर्दळ नसताना, जात राहिले. आजींसमोर वही-पेन काढलं नाही. त्या मटकी निवडत बसल्या की मीही निवडायला बसायचे. आजी सरळ उत्तर देणाऱ्यांतल्या नाहीत. चार गोष्टी गहू-बाजरीच्या बोलतील आणि पाचवी हळूच ठेवतील.

सुनेला मात्र मी एक काम दिलं होतं: आजी कॅम्पवर असायच्या तेव्हा एका शनिवारी काय काय करायच्या ते लिहून काढायचं. तिने आठवून आठवून लिहिलं, आणि भाकरीपाशी आल्यावर तीच थांबली. चाळीस माणसांना शंभर भाकरी लागतात. एका तव्यावर एका भाकरीला अडीच मिनिटं धरली तरी चार तासांहून जास्त वेळ, तोही चुलीसमोर, धुरात, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी. स्वयंपाकघरात गॅस होता. पण चूल फोटोत चांगली दिसते म्हणून पाहुण्यांसमोर सगळं चुलीवरच व्हायचं. हा गुणाकार त्या घरात तोवर कुणी केला नव्हता.

तरीही आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कामाचं काय नाही बाई. द्राक्षाच्या काढणीला मी तीस-तीस बायांचा सयपाक केलाय."

नागली, कुरडई आणि गाठोडं

कॅम्पच्या फलकावर लिहिलं होतं, 'आजीच्या हातची पारंपरिक नागलीची भाकरी'. नागली म्हणजे नाचणी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून नागलीला शहरात चांगलीच मागणी आली. त्यात कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर, हे आता पाहुण्यांना पाठ असतं. पण आजींचं माहेर-सासर दोन्ही बाजरीचं. बाजरीची भाकरी, वर तिळाची किंवा खुरासणीची चटणी, हे त्यांचं जेवण. नागली त्यांच्या हाताला उशिरा आली. बागेत कामाला पेठ आणि सुरगाणा तालुक्यांकडून बाया यायच्या, त्यातल्या पेठच्या दोघी याच शिवारात कायमच्या राहिल्या. नागलीचं पीठ नुसत्या पाण्यात धरत नाही, कडेला चिरा जातात. पाणी उकळून त्यात पीठ घालायचं, झाकून वाफ मुरू द्यायची, मग हाताला चटका बसत असतानाच मळायचं, आणि एका भाकरीपुरताच गोळा घ्यायचा. हे आजींना त्या दोघींनी शिकवलं.

त्याच दोघी कॅम्पवर भांडी घासायला आणि झाडलोटीला होत्या. पाहुणे आजींचं कौतुक करत होते, "किती पिढ्यांची पद्धत आहे तुमची?" आणि त्या दोघी मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

"त्या काही बोलत नाहीत," आजी म्हणाल्या. "पण मला त्यांच्याकडं बघवत नाही. त्यांचं मीठ खाऊन मी माझं नाव लावते का?"

गावच्या जेवणाची जाहिरात करणाऱ्यांत हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी मला आजवर भेटलेलं आठवत नाही. पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांतलं, आदिवासी घरांतलं अन्न शहराजवळच्या रिसॉर्टच्या ताटात येतं, आणि ते कुणाचं आहे हे वाटेत गळून पडतं. आजींना ते गळलेलं दिसत होतं.

कुरडईचंही असंच. कुणा पाहुण्याने उन्हाळ्यात कुरडया करताना पाहिलं होतं, त्याचा व्हिडिओ चालला. नातवाने ठरवलं की दर शनिवारी 'कुरडई करून बघा' असा कार्यक्रम ठेवायचा, डिसेंबरातसुद्धा. ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे की हे एका दिवसाचं काम नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, चोथा पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पिवळसर पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. मग चिकाच्या मापाने पाणी उकळून, त्यात मीठ-हिंग घालून, एकाने चीक ओतायचा आणि दुसऱ्याने घाटायचा. हात थांबला की गुठळी झालीच. चीक शिजून चकाकायला लागला की सोऱ्यात भरून कापडावर कुरडया घालायच्या, आणि त्यानंतर दोन दिवस कडक ऊन हवं. डिसेंबरातल्या उन्हात आणि धरणावरून येणाऱ्या दमट वाऱ्यात ती आतून ओली राहते, वास धरते. आजींनी हे दोनदा सांगितलं. नातू म्हणाला, पाहुण्यांना खायची कुठे असते, फोटोपुरतीच करायची.

चीक फोटोपुरता शिजवून टाकून द्यायचा, ही कल्पनाच आजींना सहन झाली नाही. एरवी त्यांच्या घरात कुरडयांच्या दिवशी पोरांना वाटीभर गरम चीक साखर-दूध घालून मिळतो आणि उरलेल्या चोथ्याचेही सांडगे घातले जातात.

आणि मग गाठोडं. हे मला आजींनी सांगितलं नाही, दाखवलं. एका शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गावातल्या घरी गेले. त्यांनी गाठोडं सोडलं तर आत चार गोधड्या होत्या.

वरची गोधडी जवळून पाहिली. वरच्या थराला त्यांचं लग्नानंतरचं हिरवं लुगडं, धुऊन धुऊन शेवाळी झालेलं. आतल्या थरांत आजोबांची धोतरं. धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनाच्या आत चौकोन असा मध्यापर्यंत गेलेला, टाके तांदळाएवढे, आणि जिथे लुगड्याचा काठ आला तिथे टाका आणखी बारीक केलेला. एका बाजूला बोटभर लांबीचा जळका डाग होता आणि त्याच्या शेजारी जांभळट ओघळ.

झालं होतं असं. थंडीत धरणाकाठी गारठा फार. तिकडे निफाडला पारा ५ अंशांच्या खाली जातो तेव्हा इथल्या तंबूतही ब्लँकेट पुरत नाही. एका रात्री पाहुण्यांनी पांघरुणं मागितली. नातवाने आजींच्या पेटीतून गोधड्या काढून दिल्या, चांगल्या मनानेच. पाहुण्यांना इतकी ऊब आवडली की ते गोधडी पांघरून शेकोटीपाशी बसले, हातात वाइनचे ग्लास. सकाळी ठिणगीने पडलेलं भोक आणि वाइनचा डाग घेऊन गोधडी परत आली. पुढच्या शनिवारी नातवाने गोधड्या पुन्हा काढल्या, कारण आता पाहुणे फोनवरच विचारत होते, 'आजीची गोधडी मिळेल ना?'

आजी भांडल्या नाहीत. पाहुणे यायच्या आधी गोधड्या उचलून गावातल्या घरी न्यायच्या, आणि पुन्हा कुणी मागायला येऊ नये म्हणून स्वतःही तिथेच राहायचं, हा त्यांनी काढलेला मार्ग. स्वयंपाकी आल्यावर त्यांना वाटलं की आता आपल्याला विचारायचं कारणही संपलं, म्हणून एक दिवस आधीच. गाठोडं सून दर आठवड्याला बघत होती. तिला वाटायचं, धुवायचे कपडे असतील.

माझं मत असं झालं की आजींना कामातून सुटका नको होती. त्यांच्या नावावर जे जे चाललं होतं, त्यात त्यांचा शब्द चालत नव्हता. फलकावर नाव त्यांचं होतं, पण खरं-खोटं, कधी करायचं, कुणाला काय द्यायचं हे दुसरेच ठरवत होते.

बैठक

बैठक गावातल्या घरी घेतली, हा आग्रह माझा. कॅम्पवर फोन वाजत राहतो आणि आजी तिथे पाणी द्यायला उठतात. स्वतःच्या ओसरीवर त्या बसून बोलल्या.

गोधडीचा विषय निघाला तेव्हा नातवाची मान खाली गेली. आत कशाचे थर आहेत हे त्याला माहीत नव्हतं. तो विषय तिथेच मिटला, त्यावर जास्त बोलावं लागलं नाही. नागलीचाही लवकर मिटला, कारण पेठच्या त्या दोघींना आजींनी आधीच बोलावून ठेवलं होतं.

अडलं ते पैशांपाशी. मी सुचवलं की जेवणाच्या प्रत्येक ताटामागे ठरावीक रक्कम आजींच्या खात्यात जावी. मुलगा दुखावला. "आईला पगार द्यायचा? उद्या लोक काय म्हणतील? हे सगळं तिचंच आहे ना?" त्याच्या बोलण्यात कंजुषी नव्हती. आईला मजुरी देणं म्हणजे तिला परकं करणं, असं त्याला मनापासून वाटत होतं. मी त्याला एवढंच विचारलं की सगळं तिचंच असेल तर गोळ्या आणायला पैसे लागले तर ती कुणाकडे मागते. तो गप्प बसला. उत्तर सुनेने दिलं, "माझ्याकडं. आणि मी यांच्याकडं." थोडं थांबून ती म्हणाली, "आत्याबाईंचं लिहिणार असाल तर माझं काय?"

त्या बैठकीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता, आणि माझ्या यादीत तो नव्हता. सून पहाटेपासून रात्रीपर्यंत बुकिंग, चादरी, किराणा, सगळं बघते. तिचंही नाव कुठल्या कागदावर नव्हतं. त्या दिवशी हिशेबाच्या वहीत दोन रकाने वाढले.

मग बाकीचं ठरलं. शनिवारी चाळीसच ताटं, त्याच्या वर जेवणाचं बुकिंग घ्यायचं नाही. भाकऱ्या तीन तव्यांवर, त्यातले दोन गॅसवर. नागलीची भाकरी पेठच्या दोघी करणार, त्यांना स्वयंपाकाचा दर मिळणार, झाडलोटीचा नाही, आणि फलकावर 'पेठच्या पद्धतीची' असं लिहिलं जाणार. बाजरी, चटण्या आणि काळा मसाला आजींकडे. मसाल्याचं खोबरं किती काळं भाजायचं हे त्या वासावरून सांगतात, चुलीजवळ बसायची गरज पडत नाही. शहरातल्या स्वयंपाक्याला काढलं नाही. तो नाश्ता आणि चहा बघतो.

महिन्यांचा मेळही आजींनीच सांगितला, सुनेने लिहून घेतला. कुरडया, पापड, शेवया फक्त चैत्र-वैशाखात, आणि ज्याला शिकायचंय त्याने पाच दिवस राहायचं, गहू भिजवण्यापासून. पावसाळ्यात तंबू बंद, दोन खोल्याच चालू, आणि ताटात रानभाज्या. इथे आजींनी पुन्हा पेठच्या दोघींकडे बोट दाखवलं, आणि ते शहाणपणाचंच होतं. शेवळं ही रानभाजी चिंच किंवा काकड या झाडाची आंबट फळं न घालता शिजवली तर घशाला खाज सुटते. ज्याला ती लहानपणापासून माहीत आहेत त्यानेच ती पाहुण्याच्या ताटात वाढावीत.

पाहुण्यांसाठीच्या गोधड्यांची युक्ती सुनेची. बोहारणीकडे जुन्या सुती साड्यांचा ढीग असतो. तिच्याकडून साड्या घेतल्या, आडवारी तंबू रिकामे असताना आजी आणि गावातल्या चार-पाच बाया ओटीवर बसून गोधड्या घालायला लागल्या. गोधडीमागे शिवणकाम ठरलेलं. थर अंथरताना सळ राहू द्यायची नाही, चारी बाजूंनी ताणून आधी मोठे टाके घालून ठेवायचे, मगच धावदोरा, इतकं आजी सांगतात आणि एखादीचे टाके मोठे पडले की काही न बोलता उसवून परत देतात. हे काम पावसाळ्याच्या आत संपवावं लागतं, दमटात कापडाला बुरशी धरते. पाहुण्यांना गोधडी विकतही घेता येते. शेकोटीपाशी मात्र न्यायची नाही.

आजोबांच्या धोतराची गोधडी गावातल्या घरी, पेटीत आहे. जळक्या जागेवर आजींनी हिरवं ठिगळ लावलं.

आज काय आहे

आजी आता शनिवारी कॅम्पवर असतात. सोमवारी-मंगळवारी गावातल्या घरी जातात, कारण ते घर त्यांना हवंच आहे. हे जाणं मुलाला अजून टोचतं. खात्यातल्या पहिल्या पैशांतून त्यांनी त्याच घराची कौलं बदलून घेतली, याचं त्याला वाईट वाटलं, कॅम्पवरची खोली त्याने मोठी करून दिली असती. मला वाटतं त्याने हे वाईट वाटणं थोडे दिवस सोसावं.

फलक बदलल्यावर 'आजीच्या हातची नागली' शोधत आलेले काही जण नाराज झाले. नातवाला आधी भीती वाटली. नंतर पेठच्या दोघींपैकी थोरलीने पाहुण्यांना उकड दाखवायला सुरुवात केली, आणि ती आजींपेक्षा मोकळी बोलते. धाकटीला फोटो काढलेले आवडत नाहीत, म्हणून तिचे काढत नाहीत.

सगळं मार्गी लागलं असं नाही. रात्री आजींच्या खोलीकडून स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट उताराची आहे, तिथे कठडा आणि दिवा लावायचं ठरून बरेच दिवस झाले, दिवा लागला, कठडा राहिलाय. चुलीवरचा उरलेला एक तवाही बंद करावा असं मी सांगितलं होतं, ते आजींनीच ऐकलं नाही.

आणि समोर २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकला येणारी गर्दी इकडेही राहायला बघणार, नातवाला आणखी पंधरा तंबू टाकायचे आहेत. त्याने या वेळी आधी आजींना विचारलं. आजींनी सांगितलं की झोपायला कितीही येऊ दे, ताटं चाळीसच, आणि साधूबाबा कुणी आला तर त्याचं ताट मोजायचं नाही. शोषखड्डे मात्र आणखी दोन खणावे लागतील. त्यावर मुलगा आणि नातू अजून हिशेब करताहेत.